लोकरीचा हिशोब: घरातला साठा लावायचा कसा, लिहायचा कसा

दुकानाच्या काउंटरवरून एक निळा गुंडा उचलायचा आणि दारापाशी उजेडात नेऊन बघायचा, ही माझी जुनी खोड. घरी असाच एक आहे. नक्की आहे. पण तो अर्धा आहे की पाव, हाच निळा आहे की जरा मोरपिशीकडे जाणारा, दिवाणात आहे की माळ्यावरच्या बॅगेत, हे काही केल्या आठवत नाही. मग "असू दे, लागतोच" म्हणून दोन गुंडे घेतले जातात. घरी येऊन बघावं तर घरातला निळा चार प्लायचा, म्हणजे बारीक, आणि आणलेला आठ प्लायचा, म्हणजे जाड. आता दोन निळे झाले आणि दोन्ही अपुरे.

विणणाऱ्यांच्या घरी लोकर साठतेच. सेलमध्ये घेतलेली, कुणी दिलेली, उरलेली, उसवलेली. साठा किती असावा यावर मी काही बोलणार नाही, मला तो अधिकार नाही. पण जो आहे तो कळला पाहिजे. त्यासाठी घरभर रंगीत डबे मांडायची गरज नसते. लोकर कशाची आहे, किती मीटर आहे आणि कुठल्या लॉटची, म्हणजे रंगाच्या कुठल्या घाण्याची आहे, एवढी तीन उत्तरं दुकानात उभ्या उभ्या मिळाली की झालं. पुढचं सगळं या तीन प्रश्नांसाठीच आहे. डबे सगळ्यात शेवटी आणायचे. आधी आणले तर आपण डब्याच्या मापाने लोकर कोंबतो, आणि कोंबलेली लोकर कुणी पुन्हा उघडून बघत नाही.

सगळं बाहेर काढा

हे काम शक्यतो ऑक्टोबरात काढा. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी होत आलेली असते आणि थंडीचं विणकाम सुरू करायला अजून थोडे दिवस असतात. भर जुलैत काढू नका. मेंढीची लोकर हवेतला ओलावा ओढून घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. अशी लोकर डब्यात बंद केली की ओलही आतच राहते, वर वजनही खोटं भरतं.

जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा. पांढरीच, कारण लोकर झटकल्यावर खाली काय पडतं ते दिसायला हवं. मग घर धुंडाळा. दिवाण, माळा, शिलाई मशीनचा खण, श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रवासाच्या बॅगांचे बाहेरचे कप्पे. सुयांवर अडकलेली अर्धवट कामंसुद्धा आणा, तीही लोकरच आहे.

आमच्याकडे हा पसारा पहिल्यांदा मांडला तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, ही राणी रंगाची माझी. याच्या मुंजीच्या वेळची."

"आई, तुम्हीच दिलीत की मला. उशीत भर म्हणालात."

"उशीत? मी? आण इकडे."

तो ढीग त्या उचलून घेऊन गेल्या आणि माझ्या यादीतल्या तीन ओळी वाचल्या. घरात विणणारी दोन माणसं असतील तर हा वाटणीचा भाग पहिल्याच दिवशी उरकून घ्यावा.

अर्धवट कामांचा निकालही इथेच लावा. ज्याचा नमुना आठवत नाही, किंवा ज्या बाळासाठी घातलं होतं ते आता तिसरीत आहे, ते उसवा. उसवलेली लोकर कुरळी होते. तिचा लगेच गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीला वेढे देत लडी करा, चार ठिकाणी सैल दोरे बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत टांगून वाळवा. मेंढीची लोकर बऱ्यापैकी सरळ होते. अॅक्रिलिक थोडं हट्टी असतं, थोडा कुरळेपणा राहतो, पण विणल्यावर तो फारसा दिसत नाही. त्याच्यावर इस्त्री मात्र फिरवू नका. अॅक्रिलिक गरम इस्त्रीने मेल्यासारखं लुळं पडतं आणि पुन्हा फुलत नाही.

कशाची आहे ते ओळखा

मराठीत आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडच्या दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं, म्हणजे पेट्रोलियमपासून कारखान्यात केलेला धागा. वर्धमान, ओसवाल, गंगा ही लेबलं तुमच्या ढिगात असणारच. ती लुधियानाहून येतात. यांच्यातही शुद्ध लोकरीचे आणि मिश्र धागे असतात, म्हणून नाव बघून ठरवू नका, लेबलवरची टक्केवारी वाचा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर या ढिगात बहुधा सापडायची नाही. ती राठ असते, घोंगडीसाठी उत्तम, पण बाळाच्या टोपड्यासाठी नाही.

चादरीवर पाच ढीग करा: मेंढीची लोकर (मेरिनो यातच), अॅक्रिलिक, सुती, मिश्र, आणि "देव जाणे". पाचवा ढीग सगळ्यात मोठा झाला तर घाबरू नका, माझाही झाला होता.

देव जाणे ढिगासाठी जाळून बघायची पद्धत आहे. गॅसजवळ नाही, बेसिनमध्ये. स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या. बोटभर लांबीचा तुकडा चिमट्यात धरा आणि टोकाला काडी लावा. मेंढीची लोकर नाखुशीने पेटते, केस जळल्याचा वास येतो, काडी लांब केली की बहुतेक विझते, आणि राहिलेली काळी राख बोटांत चुरडली जाते. सुती धागा कागदासारखा पेटतो, वासही कागदाचाच, राख राखाडी आणि मऊ. अॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून चिमटा आणि पाणी हवंच. मुलं शाळेत गेल्यावर करा. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकदम दिसतात: वास केसांचा आणि शेवटी मणी. प्रमाण कळत नाही, पण "मिश्र" एवढं लिहिलं तरी पुरतं.

हे कळणं कशासाठी? धुण्यासाठी. मेंढीची लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमदा होते, अॅक्रिलिकला तसलं काही होत नाही. आणि दुसरं म्हणजे कसर, लोकर खाणारी कीड. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येतंच.

जाडी

लेबलवर "४ प्लाय", "८ प्लाय" असतं. प्लाय म्हणजे पदर, त्यामुळे पदर मोजले की जाडी कळेल असं वाटतं. पण ही नावं जुन्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन पद्धतीतली आहेत आणि आज ती जाडीची नावं म्हणूनच वापरली जातात. आठ प्लायचा गुंडा उलगडून बघितलात तर चारच पदर निघतील, असं होतं. परदेशी नमुन्यात ज्याला "डीके" म्हणतात ती साधारण आपली आठ प्लाय, आणि "फिंगरिंग" म्हणजे चार प्लायच्या आसपास.

लेबल नसेल तर पट्टी घ्या. धागा पट्टीवर गुंडाळा, न ताणता, शेजारी शेजारी, एकावर एक चढू न देता. दोन इंच भरा, वेढे मोजा, निम्मे करा. एका इंचात अकराच्या आसपास वेढे बसले तर आठ प्लाय समजा. चौदा ते अठरा बसले तर चार प्लाय. सात-आठच बसले तर जाड, मफलर आणि टोप्यांची. इथे फार काटेकोर व्हायचं कारण नाही, शेवटी नमुन्याचा चौकोन विणून बघावाच लागतो.

वजन करा, मीटर काढा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की झालं. बहुतेक जणी "तीन गुंडे आणि थोडी" असं लिहितात. त्या "थोडी"त बाही बसेल की नाही हे कुणाला कळणार?

लेबल असेल तर हिशोब सोपा आहे. लेबलवर १०० ग्रॅम, २२० मीटर असं लिहिलंय. काट्यावर उरलेला गुंडा भरला ३७ ग्रॅम. २२० गुणिले ३७ भागिले १००, म्हणजे ८१ मीटर. लेबलवर मीटर नसतील तर दुकानदाराला विचारण्यात फार अर्थ नसतो. पुढची युक्ती वापरा.

दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून थोड्या अंतरावर ठेवा, अशा की दोन्ही पाठींभोवती एक वेढा बरोबर दोन मीटरचा होईल. आधी टेपने मोजून घ्या. मग पंचवीस वेढे द्या, पन्नास मीटर झाले. तेवढंच कापून वजन करा. कापायचं जिवावर येत असेल तर लडी काट्यावर आणि गुंडा शेजारी टेबलावर ठेवूनही जमतं. पन्नास मीटर २२ ग्रॅम भरले, तर एका ग्रॅमला सव्वादोन मीटरच्या थोडं वर. अख्खी लोकर ६४ ग्रॅम असेल तर १४५ मीटर. पंचवीसच्या जागी दहाच वेढे देऊ नका. काटा अर्ध्या ग्रॅमने चुकला तरी थोड्या धाग्यात ती चूक मोठी होऊन बसते. वेढे देताना धागा ताणू नका, आणि घरातलं मांजर दुसऱ्या खोलीत बंद करा.

हे मीटर कशाशी ताडायचे? माझ्या हाताला आठ प्लायच्या अॅक्रिलिकमध्ये टोपड्याला ४० ग्रॅम लागतात, नवजात बाळाच्या स्वेटरला १०० ते १२५, मोठ्या माणसाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला ३००, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४५० ते ५००. तुमचा हात सैल असेल तर जास्त लागेल, आणि पिळाची नक्षी घातली तर आणखी. म्हणून एक सवय लावा: स्वेटर पूर्ण झाला की तोही काट्यावर ठेवा आणि वजन लिहून ठेवा. चार स्वेटरांनंतर तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही पुस्तकापेक्षा तुमच्या हाताला जास्त लागू पडतो.

लॉट नंबर, म्हणजे माझी फजिती

लेबलवर दोन आकडे असतात. शेड नंबर रंगाचा, लॉट नंबर त्या रंगाच्या घाण्याचा. एका वेळी एका कढईत रंगवलेली लोकर म्हणजे एक लॉट. शेड तोच असला तरी पुढच्या घाण्याला रंग जरा इकडेतिकडे होतोच. स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही हे समजवावं लागत नाही.

मला समजायला एक स्वेटर लागला. नवऱ्यासाठी राखाडी स्वेटर घातला होता. पाच गुंड्यांत होईल म्हणून पाचच घेतले. पाठ झाली, पुढा झाला, उजवी बाही झाली आणि लोकर संपली. तीन आठवड्यांनी त्याच दुकानातून तोच शेड आणला. दुकानात ट्यूबच्या उजेडात दोन्ही गुंडे जुळे भाऊ वाटत होते. डावी बाही विणली, जोडली, आणि सकाळी स्वेटर गॅलरीत वाळत घातला. उन्हात डावी बाही निळसर दिसत होती. समोरच्या इमारतीतूनही दिसली असेल. नवरा म्हणाला, "मला तर काही फरक दिसत नाही." तो आजही तेच म्हणतो, आणि फोटोत डावा हात पाठीमागे ठेवतो.

म्हणून लॉट वेगळा असेल तर पिशवी वेगळी, यादीत ओळही वेगळी. एकत्र करू नका. दोन लॉट वापरायचेच झाले तर एका लॉटच्या दोन ओळी, दुसऱ्याच्या दोन ओळी असं आलटून पालटून विणा, म्हणजे कुठे रेघ पडत नाही. किंवा दुसरा लॉट गळापट्टी आणि बॉर्डरला वापरा, तिथे फरक मुद्दाम केल्यासारखा वाटतो. आणि गुंडा सुरू केला म्हणून लेबल टाकू नका. पिशवीत राहू द्या, शेवटचा धागा संपेपर्यंत.

यादी

वही, गूगल शीट किंवा रॅव्हेलरी, तिन्ही चालतात. रॅव्हेलरी ही २००७ साली सुरू झालेली विणकाम-क्रोशाची वेबसाइट. तिथे आपल्या साठ्याची नोंद करायची सोय आहे, फोटो टाकता येतात, आणि कुठल्या कामात किती लोकर गेली तेही जोडता येतं. सगळं इंग्रजीत आहे आणि आपल्याकडच्या स्थानिक धाग्यांची नोंद कधी सापडते, कधी नाही. वही सुंदर असते, पण दुकानात नेमकी घरी असते. मी शीट वापरते, कारण ती फोनमध्ये असते आणि तिच्यात शोधता येतं.

माझ्या शीटमधली एक ओळ अशी आहे:

क्र. ३१ | आमसुली | अॅक्रिलिक, ८ प्लाय | शेड ०४७, लॉट ८१२ | ३ गुंडे + ३७ ग्रॅम | ७४१ मीटर | डबा ख | २०२२, तुळशीबाग | आत्यांची शाल

शेवटचा रकाना, म्हणजे कशासाठी घेतली तो, रिकामा राहिला तरी चालेल. पण तो ठेवा. दोन वर्षांनी तोच सांगतो की ही लोकर घेताना डोक्यात काय होतं. किंमतीचा रकाना मी काढून टाकला. बेरीज बघून कुणाचं भलं झालेलं नाही.

क्रमांक लोकरीलाच द्या. कागदाच्या चिठ्ठीवर ३१ लिहा आणि पिशवीत अशी टाका की बाहेरून दिसेल. लोकर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेली तरी क्रमांक बदलत नाही, फक्त शीटमधलं डब्याचं अक्षर बदलायचं. संपलेल्या लोकरीचा क्रमांक पुन्हा वापरू नका.

रंगांची नावं आपली आपण ठेवा. "लाल" लिहून काही होत नाही, माझ्याकडे सात लाल आहेत. साडीच्या दुकानात वाढलेल्या भाषेला रंगांची कमी नाही: आमसुली, विटकरी, डाळिंबी, अबोली, राणी, मोतिया, बिस्किटी, शेवाळी, मोरपिशी, चिंतामणी, गव्हाळ, लिंबू. या नावांनी शोधलं की हवी ती लोकर डोळ्यांसमोर उभी राहते. फक्त घरात एकमत हवं. आमच्याकडे सासूबाईंची विटकरी म्हणजे माझी आमसुली, त्यामुळे एकदा दोघींनी बसून शीटवर नावं पक्की केली. कंपनीचा शेड नंबर तरीही लिहाच. परगावी राहणाऱ्या बहिणीकडून लोकर मागवताना "अबोली आण" म्हटलं तर काय येईल सांगता येत नाही.

फोटो दिवसा काढा, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर, थेट उन्हात नाही. रात्री दिव्याखाली काढलेले फोटो रंगाच्या बाबतीत साफ खोटं बोलतात. प्रत्येक फोटोत क्रमांकाची चिठ्ठी दिसू द्या. आणि एक जुनी पद्धत मला फोटोपेक्षाही खरी वाटते: प्रत्येक लोकरीचा वीतभर तुकडा जाड पुठ्ठ्याच्या भोकात ओवून खाली क्रमांक लिहायचा. हा पुठ्ठा पर्समध्ये मावतो आणि दुकानात रंग रंगाशी लावून बघता येतो.

कसर आणि दमट हवा

आता ते पांढऱ्या चादरीचं. लोकर झटकल्यावर वाळूसारखे कण पडले, धाग्यांत जाळी दिसली, किंवा गुंडा उलगडताना धागा जागोजागी तुटून येऊ लागला, तर कसर लागली आहे. कसरीचा पतंग लहान, सोनेरीसर, उजेडापासून पळणारा असतो. तो स्वतः लोकर खात नाही, त्याच्या अळ्या खातात. स्वयंपाकघरात डाळ-तांदळाच्या डब्यावर घिरट्या घालतो तो वेगळा, त्याचा लोकरीशी संबंध नाही.

आपल्याकडे आणखी एक असतो आणि तो तुम्ही शंभरदा पाहिला असेल. पावसाळ्यात भिंतीवर सरकणारी करड्या रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती, चपटी पिशवी. भोपळ्याच्या बियांएवढी. हात लावला की डोकं आत घेते. आत अळी असते. जाळीजळमटं, केस आणि लोकर हेच तिचं खाणं. आपण ती झाडूने उडवतो आणि विसरतो. ज्या भिंतीवर अशा पिशव्या दिसतात तिच्या पायथ्याशी लोकर ठेवू नका, आणि जळमटं काढत राहा.

अळ्यांना मेंढीची लोकर, अंगोरा, रेशीम लागतं. अॅक्रिलिक आणि सूत त्यांच्या खाण्यातलं नाही, पण त्यावर घाम किंवा तेलाचे डाग असतील तर तेही कुरतडलं जातं. म्हणून जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर न धुता साठ्यात घालू नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतलेली लोकर छान मऊ राहते.

कसर दिसली, किंवा कुणाकडून जुनी लोकर आली, तर फ्रीजर. लोकर पूर्ण कोरडी करा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट थंड लोकरीवर जमतं. मटार आणि ओल्या खोबऱ्याच्या शेजारी मेरिनो ठेवल्यावर घरात चर्चा होते, त्याची तयारी ठेवा. पिशवीवर "खाऊ नये" लिहिलेलं बरं.

डांबरगोळ्यांबद्दल मी कडक आहे. त्यांचा वास लोकरीत मुरतो आणि सहज जात नाही. आणि बाळंतविड्यासाठी विणत असाल तर त्या लोकरीजवळ डांबरगोळी अजिबात नको. जी६पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये डांबरगोळीतल्या नॅप्थलिनमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे असं घडलेलं आहे. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे विणताना आपल्याला माहीत नसतं. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला मी ठेवते, आई ठेवायची म्हणून, पण त्यांच्या भरवशावर राहत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पिशव्या उघडून हलवणं हाच खरा उपाय. कसरीला अंधार आणि शांतता हवी असते.

आता डबे आणा

पारदर्शक, झाकणाचे, तुमच्या कपाटात सरळ बसतील असे. फार मोठे नकोत, भरल्यावर एका हाताने उचलता आले पाहिजेत. मेंढीची लोकर एका डब्यात, अॅक्रिलिक दुसऱ्यात, सुती तिसऱ्यात. आत प्रत्येक क्रमांकाची झिपची पिशवी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला. पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येते, त्या भिंतीला टेकून ठेवू नका. वर्तमानपत्र अंथरू नका, त्याची शाई पांढऱ्या लोकरीला लागते. उघड्या फडताळावर रंगांची रांग फार देखणी दिसते, पण उन्हाची तिरीप येत असेल तर वर्षभरात एक बाजू फिकी पडते.

लडी मिळाली असेल तर विणायला घेईपर्यंत लडीच राहू द्या. गुंडा केलाच तर सैल करा: धाग्याखाली दोन बोटं ठेवून गुंडाळा आणि मधूनमधून बोटं काढून घ्या. घट्ट गुंड्यात वर्षभर ताणलेली लोकर विणल्यावर आकसते, आणि स्वेटर पहिल्या धुण्यात आखूड होतो.

सुयांचं फक्त एवढंच: त्याच शीटमध्ये दुसऱ्या पानावर सुया लिहा, आणि नंबराबरोबर मिलिमीटर लिहा. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नमुन्यातली १० नंबरची सुई ६ मिमीची असते. नंबर बघून घातलेलं टोपडं आजोबांना होईल.

रोजचं

नवी लोकर घरात आली की पिशवीतून काढायच्या आधी तिला क्रमांक, फोटो आणि ओळ. पाच मिनिटं लागतात. काम संपलं की उरलेली काट्यावर ठेवून आकडा बदला. हे दोन नियम पाळले की पुढच्या ऑक्टोबरात फक्त डबे हलवायचे आणि वास घ्यायचा.

दहा ग्रॅमच्या खालचं मी लिहीत नाही. ते श्रीखंडाच्या डब्यात जातं आणि गोंडे, तोरणाची फुलं, मुलांचे प्रकल्प यांत संपतं. पण तिथे जाण्याआधी प्रत्येक कपड्याच्या लोकरीतले तीन मीटर कार्डाला गुंडाळून बाजूला ठेवते, दुरुस्तीसाठी. कार्डावर कपड्याचं नाव.

राखाडी स्वेटरचं कोपर परवा विरलं. डब्यात दोन कार्डं निघाली. एकावर लिहिलं होतं "अंग", दुसऱ्यावर "डावी बाही". विरलं होतं ते डावंच कोपर.